अठ्ठ्याण्णव टक्क्यांचं काय?

कंपनी कायद्याचं कलम 135 सांगतं, की मोठ्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले किमान दोन टक्के समाजकार्यावर खर्च करावेत. त्यातून शाळा रंगतात, दवाखाने उभे राहतात. त्याबद्दल तक्रार नाही. मला विचारायचंय ते उरलेल्या अठ्ठ्याण्णव टक्क्यांबद्दल. ते कुणाच्या घामातून आले?

शीतपेयात आणि चॉकलेटात जाणारी साखर घ्या. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीडमधली गावंच्या गावं ऊसतोडीला निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, उचलही त्या कोयत्यावरच मिळते. म्हणजे बाईचं काम मोजलं जातं, पण तिच्या नावाची वेगळी मजुरी नसते. पहाटे फडात शिरायचं, तोडलेल्या उसाच्या मोळ्या बांधायच्या आणि त्या डोक्यावर घेऊन अरुंद फळीवरून ट्रकवर चढायचं. पाळी असो की ताप, कामावर गेलं नाही तर खाडा. तो पैसा दोघांच्या हिशेबातून कापला जातो. राहायला कोपी, आणि कोपीजवळ संडास नसतो, नीट पाणीही नसतं.

याचा परिणाम काय झाला, ते 2019 साली बीड जिल्ह्यात झालेल्या सरकारी पाहणीत दिसलं. सुमारे 82 हजार ऊसतोड महिलांपैकी 13 हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली होती. खाडा परवडत नाही म्हणून शरीराचा अवयवच काढून टाकायचा, अशी वेळ आपण या बायकांवर आणली आहे.

जबाबदार कोण, हे विचारून पाहा. कारखाना म्हणतो, मजूर मुकादमाचे. मुकादम म्हणतो, मी मधला माणूस. साखर घेणारी कंपनी म्हणते, आम्ही ऊस तोडत नाही. बरेचसे कारखाने सहकारी, त्यामुळे कंपनी कायद्याचं ते कलम त्यांना लागूच होत नाही. सेबीनं आघाडीच्या 1000 सूचीबद्ध कंपन्यांना जबाबदारी आणि शाश्वततेचा वार्षिक अहवाल सक्तीचा केला, हे पाऊल मोठं होतं. पण पुरवठादारांची माहिती देणं ऐच्छिक ठेवलं, आणि तीही खरेदीत किमान दोन टक्के वाटा असलेल्या पुरवठादारापुरतीच. या चाळणीत कारखाना अडकेल एखादे वेळी. मुकादम कधीच अडकणार नाही, आणि सगळा अन्याय तर त्याच्या वहीत लिहिलेला आहे.

उपाय अवघड नाहीत. साखरेच्या खरेदी करारात चार अटी घाला: बाईची मजुरी तिच्या स्वतःच्या खात्यात, आजारपणाला खाडा नाही, तळावर पाणी आणि संडास, आणि उचलीचा लेखी हिशेब मजुराच्या हातात. याचा खर्च दोन टक्क्यांच्या दानातून नको, साखरेच्या भावातच धरा. हे उपकार नव्हेत, या बायकांचं देणं आहे.

तुमच्याकडे अशा एखाद्या कंपनीचे दहा शेअर जरी असले, तरी वार्षिक सभेत प्रश्न विचारायचा तुम्हाला हक्क आहे. यंदा एवढं विचारा: आपली साखर कोणत्या कारखान्यांतून येते, आणि तिथं ऊस तोडणाऱ्या बाईला तिची मजुरी तिच्या हातात मिळते का?