प्रेक्षकांविना कोणाचं चालतं?

करोनाच्या दोन वर्षांत शर्यती आणि सामने भरवणाऱ्यांना एक ठरलेलं उत्तर मिळायचं: घ्यायच्या असतील तर प्रेक्षकांविना घ्या. सगळ्यांना सारखंच उत्तर दिलं गेलं आणि अन्याय झाला तो तिथेच. ज्याचा पैसा टीव्हीवरून येतो त्याच्यासाठी ती परवानगी होती. ज्याचा पैसा फाटकावर आणि जत्रेत जमतो त्याच्यासाठी ती सरळसरळ बंदी होती.

फॉर्म्युला वनचंच घ्या. १३ मार्च २०२० ला मेलबर्नच्या अल्बर्ट पार्कच्या दारात तिकिटं घेऊन लोक उभे होते, तेव्हा शर्यत रद्द झाल्याचं जाहीर झालं. पुढे ५ जुलैला ऑस्ट्रियात हंगाम सुरू झाला, तोही रिकाम्या स्टँडसमोर. मुळात २२ शर्यती ठरल्या होत्या, वेळापत्रक नव्याने आखून १७ उरकल्या. प्रक्षेपणाचे हक्क होते, प्रायोजक होते, म्हणून माणसांशिवाय भागलं. विरारच्या चाळीत बसलेल्या चाहत्यालाही मोबाइलवर ती शर्यत दिसली आणि त्या दिवसांत त्याचा मोठा आधार वाटला, हे मी मान्य करतो.

आता दुसरं टोक बघा. अमेरिकेत उत्तर कॅरोलिनातल्या अलामान्स काउंटीत एस स्पीडवे नावाचा एक छोटा ट्रॅक आहे. आसपासच्या गावांतले लोक आपापल्या गाड्या पळवतात, बघणारे तिकीट काढून येतात, त्यावर ट्रॅक चालतो. मे २०२० मध्ये तिथे उघड्यावर २५ माणसांचीच मर्यादा होती. मालकांनी तरी शर्यत घेतली आणि हजारो लोक आले. जूनमध्ये राज्य सरकारने ट्रॅक बंद केला. प्रकरण कोर्टात गेलं, मालकांनी सरकारविरुद्ध उलट दावा केला आणि ऑगस्ट २०२४ मध्ये त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो दावा पुढे चालवायला मुभा दिली. साथ भरात असताना हजारो माणसं खेटून बसवणं मला मुळीच पटत नाही. पण २५ माणसांत ट्रॅक चालवा असं सांगणं आणि ट्रॅकला टाळं ठोका असं सांगणं, यात फरक काय?

इतक्या लांब जायचीही गरज नाही. मार्च २०२१ मध्ये पुण्याजवळ गहुंज्याच्या स्टेडियममध्ये भारत-इंग्लंडचे तीन एकदिवसीय सामने प्रेक्षकांविना झाले. सचिनचा भक्त म्हणून देशाला माहीत असलेला सुधीरकुमार तिरंगा घेऊन जवळच्या डोंगरावर चढला आणि तिथून सामना बघत बसला. क्रिकेट मंडळाचं काही अडलं नाही. गहुंजे ज्या मावळात आहे, त्याच मावळात बैलगाड्यांचे घाट आहेत. त्यांना कोण विचारणार होतं?

घाट ज्याने पाहिला नसेल त्याच्यासाठी सांगतो. चढाची धाव, दोन्ही अंगांना माणसांची भिंत, पुढे घोडी, मागे जुंपलेले बैल, निवेदकाचा घसा बसलेला, घड्याळावर सगळ्यांचे डोळे. दहा-बारा सेकंदांत बारी संपते. तेवढ्यासाठी वर्षभर बैलाला खुराक घातलेला असतो, पहाटे उठून फिरवलेलं असतं. त्या घाटाच्या कडेला भेळवाला, रसवंतीवाला, पाळणेवाला, खेळणीवाला यांचंही वर्ष उभं असतं. ती माणसांची भिंत काढली तर उरतो तो मोकळ्या चढावर पळणारा बैल.

७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने या शर्यतींवर बंदी घातली. बैलाचे हाल होतात हा आक्षेप खोटा नव्हता, शेपट्या पिरगाळणारे आणि टोचणारे होतेच. राज्याने २०१७ मध्ये कायदा बदलला, तोही न्यायालयात अडकला. शेवटी १६ डिसेंबर २०२१ ला अटींसह परवानगी मिळाली आणि गावोगाव गुलाल उधळला गेला. आंबेगाव तालुक्यातल्या लांडेवाडीत १ जानेवारी २०२२ ला शर्यत ठरली. घाट सजला. तेवढ्यात ओमायक्रॉन आला, राज्याने कोणत्याही समारंभाला ५० माणसांची मर्यादा घातली आणि ऐन वेळी परवानगी काढून घेतली. साडेसात वर्षं थांबलेल्या माणसाला आणखी थांब म्हणून सांगायला आदल्या रात्रीपर्यंत वाट बघितली गेली. नियम कडक असण्यापेक्षा तो असा उशिरा येणं लहान आयोजकाला जास्त महाग पडतं. मांडव घातलेला असतो, टेम्पो ठरलेले असतात, उसनवारी झालेली असते.

आपल्या वसई-विरारमध्ये मोटारींचा ट्रॅक नाही. गोखिवरे, वालीव, सातिवलीच्या गॅरेजांत इंजिन खोलून बसलेल्या पोरांना खरं सर्किट बघायचं तर चेन्नई, कोइम्बतूर नाही तर ग्रेटर नोएडा गाठावं लागतं. जवळ मिळतो तो अहमदाबाद हायवे, आणि तिथे वेग काढणं म्हणजे जिवाशी खेळ. आपल्याकडे शर्यत आहे ती माणसांची. २०११ पासूनची महापौर मॅरेथॉन. २०१९ च्या डिसेंबरात ती झाली, त्यानंतर थेट २०२२ च्या डिसेंबरात. मधली दोन वर्षं कोरडी गेली.

धावणारा कसाबसा तगला. ॲप उघडून, इमारतीच्या गच्चीवर फेऱ्या मारून त्याने किलोमीटर पुरे केले. बघणाऱ्याचं काय? मॅरेथॉनच्या सकाळी रस्त्याच्या कडेला नऊवारीतली आजी कळशी आणि पेला घेऊन उभी असते, शेवटून येणाऱ्या घामाघूम माणसालाही ती पाणी देते आणि "चल बाळा, आलंच आता" म्हणते. तिच्यासाठी कोणतं ॲप काढणार होते? बँडवाल्यांचं, पाण्याच्या टेम्पोवाल्याचं, नाक्यावरच्या वडापाववाल्याचं त्या दिवशीचं उत्पन्न कोणत्या नोंदीत धरलं गेलं?

साथ हलकी होती असं या शहरात कोणी म्हणणार नाही. २३ एप्रिल २०२१ च्या पहाटे विरारच्या विजय वल्लभ रुग्णालयात करोनाच्या अतिदक्षता विभागाला लागलेली आग आणि त्यात गेलेली माणसं आम्ही विसरलेलो नाही. गर्दी रोखायलाच हवी होती. माझा राग गर्दी मोजण्याच्या पद्धतीवर आहे. ५ ऑगस्ट २०२० पासून राज्यातले मॉल उघडले, एसी लावलेले, चारी बाजूंनी बंद. उघडा रस्ता, उघडं मैदान, उघडा घाट यांच्यासाठी मात्र पुरेसा वेगळा विचार झाला नाही. मैदान केवढं, वारा किती, माणसं किती अंतरावर उभी राहू शकतात, हे कोणी टेप लावून बघितलं नाही.

म्हणून मागणी करतो, आणि ती साथ नसतानाच करतो. महापालिकेने आणि जिल्हाधिकारी कार्यालयाने आपल्या आपत्ती आराखड्यात खुल्या जागेतल्या खेळांचं पान वेगळं घालावं. माणसांची मर्यादा जागेच्या क्षेत्रफळावर ठरावी. परवानगी रद्द करायची झाली तर किमान आठवडाभर आधी कळवावी, भरलेलं शुल्क आणि अनामत पंधरा दिवसांत परत द्यावी, तीच परवानगी पुढच्या तारखेला विनाशुल्क चालावी. आणि त्या पानावर फेरीवाले, बँडवाले, पाळणेवाले यांची नावं आधीच नोंदवलेली असावीत, म्हणजे मदत द्यायची वेळ आली की त्यांना आपण कोण हे सिद्ध करत फिरावं लागणार नाही.