वेदरिंगमहर्षींच्या चरणी सादर

सायन्स फिक्शनमधल्या समस्त अंतराळयानांना एकाच काळ्या पाण्याने न्हाऊ घालणारे परमपूज्य वेदरिंगमहर्षी यांस,



प्रथम आपले आभार. मॉडेल रंगवून त्याचं वेदरिंग करायचं, म्हणजे ते वापरलेलं दिसेल असं करायचं, तर आधी मूळ यानाचे फोटो पाहायचे, मग विचार करायचा आणि मग ब्रश उचलायचा, अशी आमची जुनी समजूत. आपण आपल्या कार्यशाळेत पहिल्या दोन पायऱ्याच काढून टाकल्यात. यान कुठलंही असो, करडा रंग मारा, वर पातळ काळा रंग, म्हणजे वॉश, ओता, स्पंजाने चंदेरी टवके उठवा आणि खाली गंजाचे ओघळ सोडा. एका दुपारीत काम फत्ते. आपल्या टेबलावर एंटरप्राइज, फाल्कन आणि स्टार डिस्ट्रॉयर शेजारी शेजारी मांडलेली पाहिली. तिन्ही जणू एकाच गॅरेजबाहेर एकाच पावसाळ्यात उभी राहिली होती. एवढा एकोपा त्यांना घडवणाऱ्या चित्रपटवाल्यांनाही कधी साधला नाही.

त्या चित्रपटवाल्यांची मेहनत आपण किती सहज मोडीत काढलीत, त्याबद्दलही ऋणी आहे. १९७७च्या ‘स्टार वॉर्स’साठी इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिकच्या माणसांनी कॅलिफोर्नियातल्या व्हॅन नाइसच्या गोदामात पाच फुटी मिलेनियम फाल्कन बांधलं. त्यांनी रणगाड्यांची आणि विमानांची बाजारात मिळणारी किटं फोडली आणि त्यातले बारीक भाग एकेक करून यानाच्या अंगावर चिकटवले. जॉर्ज लुकासला वापरून जुनं झालेलं विश्व हवं होतं. म्हणून पांढुरक्या अंगावर मधूनच एखादा पत्रा मळकट तांबडा, एखादा गडद राखाडी. दुरुस्तीला दुसऱ्याच यानाचा पत्रा मिळाला असावा, हे पाहणाऱ्याला न सांगता कळतं. जिथे मार बसला तिथे काजळी. त्या यानावरचा डाग कुणीतरी विचार करून तिथे ठेवलेला आहे. आपण त्या सगळ्यावरून काळी बाटली फिरवलीत आणि तांबडा पत्रा कुठला, काजळी कुठली, हे शोधण्याचे आमचे कष्ट वाचवलेत.

लँडोच्या फाल्कनवर आपण केलेली कृपा तर विसरणं अशक्य. २०१८च्या ‘सोलो’ चित्रपटात हेच यान तरुण आहे. ते पांढरंशुभ्र आहे, अंगावर निळे पट्टे आहेत, आणि पुढच्या दोन सुळक्यांमधली जागा भरलेली आहे. हौशी मालक लँडोने जिवापाड जपलेलं यान. किट बनवणाऱ्या बंदाई कंपनीने त्याचंही १/१४४ मापाचं किट काढलं. ते किट घेणारा माणूस त्याच्या नवेपणासाठीच घेतो. एक यान आधी कोरं आणि नंतर जर्जर अशी जोडी कपाटात ठेवली की मधली सगळी वर्षं नजरेसमोर उभी राहतात. आपण त्या कोऱ्या यानावरही काळा वॉश ओतून त्याचं म्हातारपण आधीच उरकून घेतलंत. मधल्या वर्षांची गोष्ट सांगायला काही उरलंच नाही.

किट निवडण्याबाबतचं आपलं मार्गदर्शनही अजरामर आहे. ‘सगळ्यात मोठं घे.’ नवख्यासाठी याहून सुटसुटीत उत्तर नाही. फाल्कन घ्यायचं तर कुठल्या चित्रपटातलं, हा प्रश्न आपण त्याच्या मनात येऊच दिला नाहीत. पहिल्या चित्रपटातल्या फाल्कनला उतरायचे पाय तीन आणि ‘द एम्पायर स्ट्राइक्स बॅक’मध्ये पाच. १९८३ पर्यंतच्या चित्रपटांत वरची अँटेना गोल, आणि २०१५च्या चित्रपटात तिच्या जागी चौकोनी. बंदाईचं २०१७ साली आलेलं १/७२ मापाचं भलंमोठं किट त्या मूळ पाच फुटी मॉडेलवर बेतलेलं आहे आणि ते जवळपास ४८ सेंटिमीटर लांब भरतं. तेच यान १/१४४ मापात साधारण २४ सेंटिमीटर. पहिल्यांदा निपर हातात धरणाऱ्या पोराला हे दुसरंच द्यावं. त्याचे भाग कमी, ते गोंदाशिवाय खटकन बसतात, आणि रंगवताना अख्खं यान एका हातात मावतं. मोठं किट अर्ध्यावर सोडून त्याचे स्प्रू (भाग जोडलेल्या चौकटी) खोक्यात परत भरण्याचा जो अनुभव आपल्या शिष्यांना मिळतो, तो छोट्या किटात मिळत नाही, एवढं मात्र मान्य करावं लागेल.

गणिताचे नियमही आपण शिथिल केलेत. आम्ही मापाला घाबरणारी माणसं. १/७२च्या यानावर एक मिलिमीटरचा टवका म्हणजे खऱ्या पत्र्यावर सात सेंटिमीटरहून मोठी जखम. ते एक वेळ खपेल. पण ‘स्टार वॉर्स’मधल्या सम्राटाचं स्टार डिस्ट्रॉयर १६०० मीटर लांब, आणि बंदाईचं त्याचं किट १/५००० मापाचं. तिथे एक मिलिमीटर म्हणजे पाच मीटर. आपण त्याच्या कडेने ब्रशने सोडलेला दोन मिलिमीटर रुंद तपकिरी ओघळ म्हणजे दहा मीटर रुंदीची गंजाची नदी झाली. सम्राटाच्या आरमारात एवढा गंज चालवून घेणारा अधिकारी कोण, हे विचारायला हवं. एवढ्या मोठ्या यानाचं मोठेपण डागांतून दिसत नाही. ते करड्याच्या दोन-तीन जवळजवळ सारख्या छटांमधून दिसतं. त्या इतक्या जवळच्या असाव्यात की फोटो काढल्यावरच वेगळ्या कळतील.

आता एंटरप्राइज. इथे मात्र आपल्याला थोडं ऐकवतो, कारण हे प्रकरण मला फार जवळचं आहे.

‘स्टार ट्रेक’ मालिकेसाठी बनवलेलं मूळ अकरा फुटी मॉडेल १९७४ पासून वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेच्या हवाई व अंतराळ संग्रहालयाकडे आहे. ते लाकडाचं आणि प्लास्टिकचं आहे. दिव्यांच्या तारा डाव्या बाजूने आत जात, म्हणून कॅमेऱ्याला न दिसणारी ती बाजू सजवलेलीच नव्हती. १९९१-९२च्या डागडुजीत तबकडीचा वरचा भाग वगळून बाकी अंग नव्याने रंगवलं आणि त्यावर पॅनेलच्या ठळक रेघा आल्या. पाहणाऱ्या चाहत्यांना ते खटकलं. मालिकेतलं जहाज असं नव्हतं. पुढे २०१४ ते २०१६ या काळात संग्रहालयाने ते पुन्हा कामाला घेतलं. तबकडीवर उरलेला मूळ रंग हाच पुरावा धरून रंग जुळवले. इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिकमधले मुरलेले मॉडेलकार त्यासाठी आले. २०१६ साली, मालिकेच्या पन्नासाव्या वर्षी, ते पुन्हा लोकांसमोर आलं.

त्या मूळ तबकडीवर काय आहे, महाराज? करड्या रंगावर पेन्सिलीच्या पुसट रेघा. त्या किती पुसट ठेवायच्या हे तेव्हा कुणालातरी ठरवावं लागलं होतं. आपण त्या जागी काळी पॅनेल लाइन भरलीत आणि पन्नास वर्षांनी तज्ज्ञांनी एवढ्या कष्टाने परत मिळवलेली गोष्ट एका दुपारीत पुन्हा घालवून दाखवलीत.

१९७९च्या चित्रपटातली एंटरप्राइज तर आणखी नाजूक. पॉल ओल्सन यांनी तिच्यावर मोत्यासारखी चमक असलेला रंग एअरब्रशने चढवला होता. प्रकाश फिरला की पत्र्यांचे तुकडे एक होतात आणि पुन्हा वेगळे दिसतात. घरी हे साधायचं तर पांढऱ्या गुळगुळीत थरावर मोतिया रंग अगदी विरळ उडवायचा, मग मास्किंग टेपचे तुकडे लावून त्याच रंगाची जरा वेगळी छटा द्यायची. हात दुखतो, डोळे दुखतात. आपण मात्र वर मॅट वार्निश मारून, त्यावर काळं ओतून मोकळे झालात. डोळ्यांना आराम मिळाला, त्याबद्दल धन्यवाद.

‘पण अवकाशात जाऊन आलेलं यान मळणारच!’ हे आपलं ब्रीदवाक्य मला पाठ आहे. म्हणून एक खरं यान पाहा. डिस्कव्हरी हे स्पेस शटल ३९ मोहिमा करून २०११ मध्ये निवृत्त झालं आणि २०१२ पासून व्हर्जिनियात स्मिथसोनियनच्याच उड्वार-हेझी केंद्रात उभं आहे. ते मळलेलं आहेच. पण त्यावर गंज कुठे आहे? परत येताना वातावरणात जी आग अंगावरून गेली, तिच्या वाटेने मागे ओढलेले डाग आहेत. पोटाकडच्या काळ्या फरशांपैकी ज्या मधल्या काळात बदलल्या त्या जास्त काळ्या, आणि जुन्या फिकटलेल्या. कुठली फरशी किती वेळा जाऊन आली याचा अंदाज नुसत्या नजरेने येतो. डागाला दिशा आहे आणि कारणही आहे.

यान वातावरणात उडतं तेव्हा ओघळ मागे जातो, जमिनीवर उभं असतं तेव्हा खाली. फाल्कन बंदरोबंदरी उतरतं, म्हणून त्याच्यावर दोन्ही शोभतात. एंटरप्राइज ग्रहावर उतरतच नाही. मग तिच्या पोटाखाली आपण सोडलेले ओघळ कुठल्या गुरुत्वाकर्षणाने खाली आले, हे शास्त्रज्ञांना कळवावं अशी नम्र विनंती.

एक तक्रार मात्र आभारात गुंडाळता येत नाही. आमच्या शेजारचा मुलगा आपल्या कार्यशाळेतून त्याचं फाल्कन घेऊन आला. न रंगवलेल्या, खटकन बसवलेल्या भागांवर आपण त्याला एनॅमलचा वॉश बदाबदा ओतायला लावलात. अशा भागांचे सांधे ताणात असतात. त्यात थिनर शिरला की प्लास्टिक ठिसूळ होतं आणि आपोआप तडकतं. सकाळी त्याच्या यानाचे पुढचे सुळके तडकलेले होते. पैसे साठवून घेतलेलं किट होतं ते. प्रायमर, रंग, त्यावर ग्लॉसचा थर, आणि मग बारीक ब्रशचं टोक रेघेला नुसतं टेकवायचं, की वॉश आपोआप रेघेतून धावतो; वाळल्यावर कापसाच्या काडीने ओघळाच्या दिशेने पुसायचा. काळ्याऐवजी गडद तपकिरी किंवा करडा. एवढं सांगायला किती वेळ लागला असता?

शिवाय ठाण्यात ऐन जुलैत, पाऊस कोसळत असताना, गॅलरीत उभं राहून लॅकरचा स्प्रे मारायचा आपला सल्ला. हवेत इतका दमटपणा असताना लॅकरवर पांढुरकी झाक येते. आपल्या शिष्यांनी त्यालाही वेदरिंग म्हणून स्वीकारलं, ही आपली गुरुकृपा.

आता हात जोडतो ते खरोखर. वेदरिंगवर माझा राग नाही, उलट फार प्रेम आहे. प्लास्टिकच्या तुकड्याकडे पाहून हे यान कुठे गेलं असेल, कुणी दुरुस्त केलं असेल, कुठे थोडक्यात वाचलं असेल, असं वाटायला लागतं ते वेदरिंगमुळेच. आपला हात कसबी आहे. स्पंजाने टवके उठवताना मी तो पाहिलाय. तेच कसब घेऊन पुढच्या वेळी बाटली उघडण्याआधी मुलांना एक प्रश्न विचारा: हे यान आत्ता कुठून आलंय? ते उत्तर देतील. पोरं फार छान उत्तरं देतात. मग त्या उत्तराप्रमाणे त्यांना एकेक डाग ठेवू द्या. ज्याला आपलं यान कोरंच ठेवायचंय, त्याला कोरं ठेवू द्या.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला,
एक मॉडेलवेडा

ता. क. – डिस्कव्हरीच्या पोटाचे आणि मूळ एंटरप्राइजच्या तबकडीचे फोटो मोठे छापून सोबत पाठवतो आहे. कार्यशाळेच्या भिंतीवर मुलांच्या नजरेच्या उंचीला लावावेत. खिळे आणि हातोडी घेऊन मी स्वतः यायला तयार आहे.