टॅलीची मर्जी

भोसरी एमआयडीसीतल्या लघुउद्योजकाला ‘कोणती ऑपरेटिंग सिस्टीम घ्यावी?’ असं विचारू नका. त्याची निवड हिशेबाच्या टॅलीने आणि जुन्या सीएनसी मशीनच्या सॉफ्टवेअरने कधीच करून टाकलेली असते. म्हणून चाकणला सुटे भाग पुरवणाऱ्या एखाद्या शॉपमध्ये विंडोज एक्सपी अजून ड्यूटीवर दिसते. तिचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ लाच संपला, हे तिला कोणी कळवलेलंच नाही. विंडोज १० सुद्धा १४ ऑक्टोबर २०२५ ला निवृत्त झाली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय लागते, ती नसली म्हणजे धडधाकट पीसी भंगारात! लिनक्स फुकट, सी-डॅकचं देशी ‘बॉस’ही फुकट. पण फुकटाचं बिल मिळत नाही, आणि बिलाशिवाय शेठचा विश्वास बसत नाही. तूर्त एक्सपीवाल्या पीसीची इंटरनेटची वायर तेवढी काढून ठेवा.