वरच्यांची कृपा

ध्वनिप्रदूषण नियम, २००० म्हणतात की निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा आवाज ४५ डेसिबलच्या आत हवा. नियम करणारे बहुधा सगळ्यात वरच्या मजल्यावर राहत असावेत. सोसायटीत खरा त्रास भोंग्याचा नसतोच, स्लॅबचा असतो. काँक्रीट हवेतलं बोलणं बऱ्यापैकी अडवतं, खलबत्त्याचा ठोका मात्र घरपोच देतं. वर वेलची कुटली की खाली चहाची तल्लफ येते. पलंग सरकवायचा मुहूर्त रात्री साडेअकराचाच का, हे पंचांगातही सापडत नाही.

तक्रारीला वर जावं, तर काकू हसून दार उघडतात. ‘अहो, आमच्याकडे नवालाच निजानीज!’ आणि हातावर नारळाची वडी. वडी खाल्ली की तक्रार बाद. सेक्रेटरी म्हणतात, लेखी द्या. लेखी दिलं की प्रकरण वार्षिक सभेत ‘आयत्या वेळच्या विषयां’त, पार्किंगच्या भांडणानंतर, म्हणजे मंडळी बटाटेवड्याकडे वळल्यावर. ठराव होतो : खुर्च्यांच्या पायांना रबरी टोप्या बसवाव्यात. अनुमोदक? वरचेच काका. टोप्या बसवायचं काम त्यांनी त्याच रात्री काढलं. हातोडीने.