काळी माती, कार्बनची चाकं

माउंटन बाइकला कार्बनची चाकं बसवली की पर्यावरण वाचतं, अशी एक नवी श्रद्धा आहे. परभणी जिल्ह्यात डोंगर म्हणावेत तर जिंतूर-नेमगिरीच्या टेकड्या आणि गंगाखेडकडचा बालाघाट; बाकी काळी सपाट जमीन. पावसाळ्यात ही माती चाकाला अशी चिकटते, की हजारो रुपये मोजून वाचवलेले ग्रॅम शेताच्या बांधापर्यंत किलोंनी परत मिळतात. वेड्या बाभळीचा काटाही रिंग कशाची आहे हे विचारत नाही.

आता टिकाऊपणाचं. कार्बनचा धागा हजार अंशांच्या वर भाजतात, मग इपॉक्सीत बसवतात. हे इपॉक्सी एकदा कडक झालं की पुन्हा वितळत नाही. लोखंडी रिंग वाकली तर मानवतचा कुठलाही सायकलवाला आरे आवळून ती सरळ करतो. अगदीच गेली तर भंगारवाला तराजूत टाकून रोख पैसे देतो. तडकलेल्या कार्बनला तो हातही लावायचा नाही.

आणि ही चाकं टेकडीपर्यंत जातात कशी? मोटारीच्या टपावर, डिझेल जाळत. (तिथून पुढे प्रदूषण शून्य!)

हौस आहे, पैसा आहे, तर घ्या बापडे. फक्त पृथ्वीच्या नावानं पावती फाडू नका.