तुमच्या पावत्या मिळाल्या
(एका रायफल-सुधारकास खुले पत्र)



हे पत्र मराठीत आहे. तुम्ही आयडाहोत जन्मलात आणि तिथेच एल्क मारत म्हातारे झालात. तुम्हाला ते वाचता येणार नाही, म्हणूनच मला मोकळेपणाने लिहिता येतंय. दुकानात जुन्या बंदुकांचा भाव काढणं हे माझं काम. काउंटरवर मी "नाइस रायफल, सर" एवढंच म्हणालो होतो. गिऱ्हाइकाच्या तोंडावर त्याहून जास्त बोलायचं नाही, असा आमचा रिवाज आहे.

तुमची फाइल पाहिली. नवा दस्ता, नक्षीकाम, चेंबरचं काम, पॉलिश, ब्लूइंग, बोल्टवरची चकचकीत वर्तुळं; सगळ्याच्या पावत्या, १९७१ पासूनच्या. शेवटच्या पानावर तुम्ही त्यांची बेरीज केलीत, महागाईचा दर लावून ती आजच्या डॉलरमध्ये आणलीत, वर मूळ रायफलीची किंमत धरलीत आणि खाली दोन रेघा मारून लिहिलंत: साडेसात हजार. बेरीज बरोबर आहे, मी तपासली.

पुण्यात फ्लॅट विकणारेही अशीच बेरीज करतात. मॉड्युलर किचन, फॉल्स सीलिंग, देवघराचा संगमरवर. घेणारा येतो, सगळीकडे नजर फिरवतो आणि विचारतो, "हे काढायला किती खर्च येईल?"

आता तुम्ही जिच्यावर हे उपकार केलेत तिच्याविषयी. विंचेस्टर मॉडेल ७०, कनेक्टिकटमधल्या न्यू हेवनच्या कारखान्यातली, १९३९ ची, .२५७ रॉबर्ट्स काडतुसाची. हे मॉडेल बाजारात आलं १९३६ साली. काडतूस मॅगझिनमधून निघताक्षणी त्याची कड धरून ठेवणारा माउझर पद्धतीचा लांब पंजा तिच्या बोल्टला होता. १९६४ मध्ये कंपनीने पैसे वाचवायला तो पंजा काढला, दस्त्यावरची हाताने कापलेली जाळी जाऊन दाबून उमटवलेली आली, आणि शिकारी असे खवळले की 'प्री-सिक्स्टीफोर' ही एक जातच तयार झाली. पंजा परत आणायला कंपनीला १९९० चं दशक उजाडलं. त्यातही महायुद्धाआधीच्या रायफली वेगळ्या पंगतीतल्या. .३०-०६ आणि .२७० भरपूर बनल्या, .२५७ त्या मानाने कमी. अशी अस्पर्श रायफल आज आली असती तर मी तिच्या मालकाला चहा विचारला असता आणि निमूटपणे दोन-अडीच हजार डॉलर मोजले असते.

तुमच्या पिढीतल्या बऱ्याच जणांना मी माफ केलंय. युद्धानंतर लष्करी स्प्रिंगफिल्ड आणि माउझर किरकोळ पैशांत मिळत, अगदी टपालानेसुद्धा. लाकूड तासून, नळी आखूड करून माणसं त्यातून हरणासाठी रायफल बनवत. गरीब माणसाची हौस होती ती, आणि एवढी ढिगाने पडलेली वस्तू एक दिवस दुर्मिळ होईल हे कुणाच्या स्वप्नात यावं? १९६८ च्या कायद्याने टपालाने होणारी विक्री आणि परदेशी लष्करी मालाची आयात थांबवली. तुमची करवत मात्र १९७१ मध्ये चालली. हातात शिकारीचीच, तयार, उत्तम रायफल. जुनी मॉडेल ७० गेली म्हणून देशभर सात वर्षं गळे काढले जात होते, ते तुमच्या कानावर आले नसतील असं मानणं जड जातं.

काडतूस बसतं त्या चेंबरपासून सुरुवात करू, कारण ते परत येणार नाही. तुम्ही त्यात रीमर घालून .२५७ चं 'ॲक्ली इम्प्रूव्ह्ड' करून घेतलंत. पी. ओ. ॲक्ली मोठा माणूस, काडतुसाचे खांदे उभट करून दारूला थोडी जास्त जागा देण्यात त्याने हयात घालवली. गोळीचा वेग थोडा वाढतो, खोटं कशाला बोला. पण आता घेणाऱ्याने आधी साधी काडतुसं उडवून त्यांचं पितळ चेंबरच्या मापाला फुगवून घ्यायचं, मग घरी बसून दारू मोजत ती पुन्हा भरायची. एवढी हौस असलेला माणूस स्वतःची रायफल स्वतःच्या मनासारखी बनवून घेतो, तुमची कशाला घेईल?

रिसीव्हरच्या मागच्या भागाच्या माथ्यावर कारखान्याने भोकं पाडली नव्हती. तुम्ही पाडलीत. एक तिरकं गेलं म्हणून त्याच्या शेजारी आणखी एक. नंतर सगळं पॉलिशच्या चाकावर धरून असं गुळगुळीत केलंत की विंचेस्टरची अक्षरं वाचायला मला भिंग लागलं. संग्राहक मूळ ब्लूइंग (पोलादावरचा निळसर-काळा थर) किती टक्के उरलंय यावर भाव ठरवतात. तुमच्या रायफलीचं ब्लूइंग शंभर टक्के आहे, फक्त मूळ नाही.

दस्त्याबद्दल काय बोलू? कॅलिफोर्नियाचं क्लॅरो अक्रोड, पुढे रोझवूडचं टोक, मध्ये पांढऱ्या प्लास्टिकची पट्टी, गालाशी उंच कुबड. वेदरबीने ही फॅशन आणली तेव्हा ती झोकात होती, बेलबॉटमही होती. ट्रिगरपासून मागच्या टोकापर्यंतची लांबी साडेबारा इंच, कारण तुमचे हात आखूड. सर्वसाधारण गिऱ्हाइकाला साडेतेरा लागते. चांदीत तुमची आद्याक्षरं जडवली आहेत. त्याच आद्याक्षरांचा आणि तेवढ्याच आखूड हातांचा माणूस भेटला की लगेच कळवतो. फ्लोअरप्लेटवरचं जनावर एल्क आहे, हे तुम्ही सांगितलंत म्हणून समजलं.

तुम्ही म्हणालात, "जॅक ओ'कॉनरनेही मॉडेल ७० ला नवा दस्ता बसवलाच होता." बसवला होता. 'आउटडोअर लाइफ'मध्ये .२७० चं गुणगान करणाऱ्या त्या लेखकाच्या बऱ्याच रायफली स्पोकेनच्या अल बीसनने घडवल्या. बीसन, जेरी फिशर, १९२३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेले ग्रिफिन अँड हाउ, या नावांना बाजार आहे. त्यांच्या हातची म्हणून रायफल विकली जाते, आणि ती तशी आहे याचा कागद लागतो. तुमच्या पावत्यांवर तुमच्या मेहुण्याच्या गॅरेजचा पत्ता आहे. मेहुणा सज्जन असेल, वादच नाही. बिननावाच्या कारागिराच्या रायफलीला खर्चाच्या निम्मे मिळाले तरी माणूस नशीबवान.

आणि कृपा करून इंटरनेटवरच्या जाहिराती मला दाखवू नका. तिथे लोक मागतात तो आकडा असतो. तीच रायफल दोन वर्षं त्याच आकड्याला लटकलेली मला रोज दिसते. मी लिलावात पैसे देऊन कुणी काय नेलं ते बघतो.

माझा हिशोब असा: भोकं पडलेली पण पंजा शाबूत असलेली ॲक्शन, म्हणजे रिसीव्हर आणि बोल्ट, तिच्यावर कुणीतरी नवी नळी चढवेल. नळीचे आणि लाकडाचे जवळजवळ काहीच नाहीत. मूळ दस्ता असता तर आकडा हलला असता, नुसत्या त्या दस्त्याचेही लोक शेकड्यांत पैसे देतात. पण तो तुम्ही १९७२ च्या हिवाळ्यात कॅम्पच्या शेकोटीत घातलात, आणि हे मला हसत हसत सांगितलंत.

नऊशे डॉलर. साडेनऊशेपर्यंत दुकानाच्या मालकिणीला विचारून बघतो.

जाता जाता तुम्ही म्हणालात, या रायफलीची जुनी लायमन ४८, नेम धरायची साइट, तंबाखूच्या डब्यात स्क्रूंसकट पडून आहे, तिचं काय करायचं ते कधी सुचलं नाही. तिला हात लावू नका. पुसूसुद्धा नका. उद्या डबा घेऊन या, तिचे पैसे वेगळे देतो.

आपला,
काउंटरपलीकडचा