बोरीवलीकराला पट्टा कशाला?

संध्याकाळी दादरला विरार फास्टमध्ये चढून बोरीवलीला सहीसलामत उतरणाऱ्या माणसाला एअरहोस्टेस सीटबेल्ट लावायला शिकवते, याला धाडस म्हणतात. तो बिचारा सभ्य असतो म्हणून काही बोलत नाही. मोबाइलवरचे गुड मॉर्निंग पुढे पाठवत बसतो. दाराच्या दांड्याला दोन बोटं अडकवून ज्याने कांदिवलीचा वारा खाल्ला, त्याला कमरेला पट्टा कशाला? डुलकी काढताना पोटाला काचतो, एवढाच त्याचा उपयोग.

ऑक्सिजनचंही तेच. २० सप्टेंबर २०१८ च्या सकाळी मुंबईहून जयपूरला निघालेल्या जेट एअरवेजच्या विमानात हवेचा दाब राखणारा स्विच लावायचाच राहिला. आत १६६ प्रवासी. मास्क खाली लोंबले, तीसेक जणांना त्रास झाला, काहींच्या नाकातून तर काहींच्या कानांतून रक्त आलं आणि विमान मुंबईला परतलं. एवढ्या धांदलीतही काहींनी व्हिडिओ काढले, हे मात्र मानलं पाहिजे. मास्क खाली ओढल्यावर वरच्या डब्यातल्या रसायनांतून जो ऑक्सिजन तयार होतो, तो बारा-पंधरा मिनिटांत संपतो. व्हिडिओ कायम राहतो. त्याच वर्षी एप्रिलमध्ये अमेरिकेत साउथवेस्टच्या विमानात लोकांनी मास्क नुसता तोंडाला लावून नाक उघडं ठेवलं, तर तज्ज्ञ त्यांच्यावर तुटून पडले. पुढे दोनच वर्षांत एस. व्ही. रोडवर आम्ही मास्क हनुवटीपर्यंत खाली आणला. तज्ज्ञ बोलतच राहिले.

लाइफ जॅकेट ही मात्र कामाची वस्तू आहे. इतकी की ते घरी नेणं गुन्हा आहे, असं विमानात बजावून सांगावं लागतं. ते विमानाबाहेर पडल्यावरच फुगवायचं म्हणे! १९९६ साली अपहरण झालेलं इथिओपियन विमान कोमोरोसजवळ समुद्रात कोसळलं, तेव्हा बऱ्याच जणांनी जॅकेट आतच फुगवलं. पाणी चढलं तसे ते छताला जाऊन टेकले, दारापर्यंत पोचलेच नाहीत. पण आयत्या वेळी घाई नको, या विचाराला नावं कशी ठेवणार?

उतरण्याच्या बाबतीत आम्हाला तोडच नाही. बोरीवलीला उतरायचं तर निदान मालाडला उठून दाराकडे सरकायला लागावं लागतं. म्हणून विमानाची चाकं धावपट्टीला टेकताच आम्ही उठतो, वरचा कप्पा उघडतो, बाकरवडीची पिशवी पुढच्याच्या डोक्यावर धरतो आणि पाठीत कोपर देऊन विचारतो, "पुढे उतरणार ना?" विमान अजून पळत असतं. पायलट पट्टे लावून बसून राहायला सांगत असतो. त्याला कुठे जायची घाई असते?

आता नियम बघा. अर्धी दारं बंद ठेवून सगळ्यांना नव्वद सेकंदांत बाहेर काढता येतं, हे विमान बनवणाऱ्याला सिद्ध करावं लागतं. चाचणीत वाटेवर बॅगा मुद्दाम पसरतात, आणि माणसं त्या न उचलता ओलांडून जातात. ही माणसं आमच्याकडची नसणार. आमची माणसं ३ ऑगस्ट २०१६ ला दुबईत दिसली. तिरुवनंतपुरमहून गेलेलं एमिरेट्सचं विमान धावपट्टीवर आपटलं, आत धूर भरला, कर्मचारी बाहेर पडा म्हणून ओरडत होते आणि मंडळी वरच्या कप्प्यांतून बॅगा काढत होती. सगळे प्रवासी बाहेर पडले, मग टाकीचा स्फोट झाला. म्हणजे बॅगेपुरता वेळ होताच की!

उलट जपानी लोकांचं बघा. २ जानेवारी २०२४ ला टोकियोच्या हानेडा विमानतळावर जपान एअरलाइन्सचं विमान तटरक्षक दलाच्या विमानावर आदळून पेटलं. सामान घेऊ नका म्हटल्यावर त्यांनी खरंच घेतलं नाही. प्रवासी विमानातले ३७९ च्या ३७९ जण जिवंत बाहेर आले, आणि वरच्या कप्प्यांत जे काही होतं ते विमानासकट जळून गेलं. नव्या वर्षाच्या सुट्टीत गावाहून मिळालेला खाऊ असेल, भेटी असतील. घरी गेल्यावर काय तोंड दाखवलं असेल हो या लोकांनी?